टोकदार कानांचा माळी

परग्रहावरच्या पात्राला एखादा छंद द्यायची वेळ आली, की विज्ञानकथा लिहिणाऱ्यांचा हात एका ठरावीक फडताळाकडे जातो. त्या फडताळात एक तंतुवाद्य असतं, बुद्धिबळाचा कुठला तरी अवघड अवतार असतो, ध्यानाला बसायचं आसन असतं आणि ऑर्किडची एक कुंडी असते. वाद्य, पट आणि आसन कशासाठी, हे विचारावं लागत नाही. हा प्राणी रसिक आहे, हुशार आहे, शांत आहे, एवढं त्यातून सांगून होतं. ऑर्किडची कुंडी मात्र मला कायम कोड्यात टाकत आली आहे. परग्रहवासी टोमॅटो लावताना दिसत नाहीत. झेंडूचा वाफा करत नाहीत. गुलाबाची कलमं बांधणारा हिरव्या कातडीचा राजदूत अजून माझ्या पाहण्यात नाही. पण ‘हा फावल्या वेळात ऑर्किड वाढवतो’ असं कुणी म्हटलं, की आपण ‘वाढवत असणारच’ म्हणून पुढे सरकतो.

सगळ्यांत ठळक उदाहरण टुवॉकचं. ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ ही मालिका १९९५ ते २००१ या काळात चालली. टुवॉक त्या यानाचा सुरक्षा अधिकारी. जातीने वल्कन (‘स्टार ट्रेक’मधली टोकदार कानांची परग्रहवासी जमात), वयाने शंभरी ओलांडलेला, तर्काची वाट न सोडणारा, अगदी नाकासमोर चालणारा माणूस (माणूस म्हणायची सवय काही जात नाही). यान घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षांवर जाऊन पडलेलं, परतीच्या प्रवासाला पाऊण शतक लागणार. आणि अशा ठिकाणी हा गृहस्थ ऑर्किडची निगा राखतो. पाहणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. का वाटत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

सोपी उत्तरं आहेत आणि ती खोटीही नाहीत. ऑर्किडचं फूल दिसायलाच परकं. बरीच फुलं चहूबाजूंनी सारखी असतात. ऑर्किडला आपल्यासारखं डावं-उजवं असतं, वर-खाली असतं, ओठ असतो, कधी कधी चक्क चेहरा असतो. ड्रॅक्युला नावाच्या गटातली काही फुलं माकडाच्या तोंडासारखी दिसतात. ती तशी आपल्यासाठी दिसत नाहीत. त्यांना अळंबीचं सोंग घेऊन माश्यांना बोलवायचं असतं. दुसरं उत्तर चिकाटीचं. कॅटलियासारखं ऑर्किड बीपासून फुलापर्यंत न्यायला पाच ते सात वर्षं लागतात. ज्याचं आयुष्य दोनशे वर्षांचं आहे त्याला हा हिशेब परवडतो. (वल्कनांना दर सात वर्षांनी विणीच्या ओढीचं वेड लागतं, हे १९६७ साली मूळ ‘स्टार ट्रेक’ मालिकेने सांगून ठेवलं आहे. हा योगायोगच असणार. पण योगायोग म्हणून सोडून द्यायला जीव होत नाही.) तिसरं उत्तर निरुपयोगाचं. ऑर्किडच्या सुमारे २८ हजार जाती आहेत आणि व्हॅनिला व काही कंद सोडले तर पोटात जाईल असं त्यांत जवळपास काही नाही. ज्या संस्कृतीचं पोट भरलेलं आहे आणि लढाया संपलेल्या आहेत, तिलाच असला खटाटोप सुचतो. पडद्यावर एक कुंडी ठेवली, की हजार वर्षांचा सुखी इतिहास न सांगता सांगून होतो.

पण चिकाटी बोन्सायलाही लागते. विचित्र तर निवडुंगही दिसतो. निरुपयोगी छंदांची तर गणतीच नाही. म्हणून माझं समाधान होत नाही आणि मी मागे जायला लागतो.

मागे गेलं की गंमत दिसते. सुरुवातीला ऑर्किड परग्रहवासीयाच्या हातात नव्हतंच. ऑर्किड हाच परग्रहवासी होता.

एच. जी. वेल्सने १८९४ साली एका विचित्र ऑर्किडच्या फुलण्याची गोष्ट लिहिली. मंगळवासीयांच्या पृथ्वीवरच्या स्वारीची त्याची कादंबरी यायला अजून काही वर्षं होती. गोष्टीचा नायक वेडरबर्न हा बुजरा, एकटा, आयुष्यात कधी काही घडलेलं नाही म्हणून हळहळणारा इंग्रज. घर सांभाळायला एक चुलत बहीण. हा लिलावात अंदमानकडून आलेल्या ऑर्किडची गाठोडी विकत घेतो. त्यांत एक वाळका, ओळख न पटणारा कंद असतो. तो गोळा करणारा माणूस खारफुटीच्या दलदलीत मरून पडलेला सापडलेला असतो, अंगात रक्ताचा थेंब नाही. जळवांनी शोषलं असेल असा लोकांचा तर्क. पुढचं वाचकाला कळतं तसं त्या बहिणीलाही आधीच कळलेलं असतं, फक्त वेडरबर्नला कळत नाही. काचघरात फूल उमलतं, वासाने त्याला भोवळ येते आणि झाडाची हवेतली मुळं त्याच्या अंगाला चिकटून रक्त प्यायला लागतात. बहीण काच फोडून त्याला बाहेर ओढते. मला या गोष्टीचा शेवट फार आवडतो. दुसऱ्या दिवशी ऑर्किड थंडीने काळं पडलेलं असतं आणि वेडरबर्न मात्र खुशीत, सांगून सांगून न थकणारा. शेवटी त्याच्याही आयुष्यात काहीतरी घडलं!

या गोष्टीतली भीती हवेतून आलेली नव्हती. त्या शतकात युरोपातल्या श्रीमंतांना ऑर्किडचं खरोखर वेड लागलं होतं, आणि ते वेड पुरवण्यासाठी माणसं जंगलांत पाठवली जात होती. जोसेफ हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १८५० साली खासी टेकड्यांत होता. निळ्या वांडा ऑर्किडची सात माणसांची ओझी त्याने लंडनच्या क्यू बागेसाठी रवाना केली. जिवंत पोचली ती थोडकी. अल्बर्ट मिलिकन नावाच्या शिकाऱ्याने (त्या लोकांना शिकारीच म्हणत) १८९१ साली पुस्तक लिहिलं. कोलंबियात दोन महिन्यांत दहा हजार रोपं मिळवायला सुमारे चार हजार झाडं तोडली, असं त्यात तो सहज सांगून जातो. फांदीवर चढून रोप उतरवण्यापेक्षा झाड पाडणं सोपं. एवढं ओरबाडून आणलेलं फूल आपल्या काचघरात तापमान सांभाळून ठेवलं आहे. ते आपल्याबद्दल काय विचार करत असेल? वेल्सने एवढंच विचारलं, असं मला वाटतं. त्याच्या ऑर्किडने फक्त हिशेब उलटा फिरवला.

नंतरच्या अर्धशतकात ही परकेपणाची छाया फुलावरून ते वाढवणाऱ्यावर सरकली. हे काम गुप्तहेरकथांनी केलं. १९३४ साली रेक्स स्टाउटने नीरो वुल्फ आणला : अगडबंब देहाचा, माँटेनेग्रोत जन्मलेला, कामासाठी घराबाहेर न पडणारा, बायकांपासून दूर राहणारा, तर्काने खुनी शोधणारा. न्यूयॉर्कमधल्या त्याच्या घराच्या छतावर दहा हजार ऑर्किड आहेत. सकाळी नऊ ते अकरा आणि दुपारी चार ते सहा तो त्यांच्यात असतो; शहरात कुणाचाही मुडदा पडो, वेळ बदलत नाही. १९३९ साली रेमंड चँडलरने म्हातारा जनरल स्टर्नवुड ऑर्किडच्या घामट काचघरात चाकाच्या खुर्चीवर बसवला. त्याला ती फुलं आवडतही नाहीत, त्यांचा स्पर्श माणसाच्या मांसासारखा वाटतो. पण गार पडत चाललेल्या शरीराला ऊब हवी आणि उबेला निमित्त हवं. असे दोन-चार लोक एकामागून एक भेटले, की वाचकाच्या डोक्यात साचा तयार होतो. ऑर्किडवाला म्हणजे बुद्धीने चार पायऱ्या वर, रक्ताने दोन अंश थंड, माणसांत असून माणसांत नसलेला.

आता यात कान टोकदार करा. वल्कन तयार झाला.

हा माझा तर्क आहे, लेखकांच्या टिपणवह्या मी पाहिलेल्या नाहीत. पण नीरो वुल्फचं वेळापत्रक आणि टुवॉकची शिस्त शेजारी ठेवली की एकाच घराण्यातली माणसं वाटतात. परग्रहवासीयाची स्वभावरचना करताना लेखकाला आकाशाकडे बघावं लागत नाही. पृथ्वीवर कोण कोण आधीच परकं ठरलेलं आहे, हे पाहिलं तरी भागतं.

मधल्या काळात आणखी एक वळण आलं, ते पटकन सांगून टाकतो. स्पीलबर्गच्या १९८२ च्या ‘ई. टी.’ मधले पाहुणे पृथ्वीवर येतात ते वनस्पती गोळा करायला. रात्री रानात उतरतात, रोपं उपटतात, यानात भरतात. म्हणजे हूकरचीच कामगिरी, फक्त या वेळी गोळा होणारं रान आपलं. लहान मुलांचा सिनेमा म्हणून हे कुणाच्या फार लक्षात राहत नाही.

इथपर्यंत आलं तरी एक गोष्ट उरतेच. साचा पुस्तकांतून आला असेल, पण तो इतका चपखल का बसला? त्याचं कारण मला ऑर्किडच्या संसारात सापडतं.

ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं. एका बोंडात ते लाखांनी असू शकतं आणि प्रत्येक जण उपाशी जन्माला येतो. इतर बियांना आईने बांधून दिलेली शिदोरी असते, ऑर्किडच्या बीला नसते. त्याला एका बुरशीची गाठ पडावी लागते. बुरशी बीत शिरते आणि तिच्याकडून मिळेल त्या अन्नावर रोप उभं राहतं. काचघरवाल्यांना हे माहीत नव्हतं. ते आईच्याच कुंडीत बी भुरभुरवून बघायचे. कधी उगवायचं, बहुतेकदा नाही. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली बुरशीचा हा हात ओळखला. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसनने साखर घातलेल्या अगारवर (समुद्रशेवाळाच्या जेलीवर) बी रुजवून दाखवलं, म्हणजे बुरशीची जागा बाटलीतल्या साखरेने घेतली. त्यानंतर ऑर्किड घराघरांत पोचायची वाट मोकळी झाली.

जन्म असा उधारीवर, तर लग्नव्यवहार फसवणुकीवर. सगळ्यांचा नाही, पण बऱ्याच ऑर्किडचा. काही जाती मधाची जाहिरात करतात आणि मध ठेवत नाहीत. काही त्याहून पुढे जातात. एडिथ कोलमन या ऑस्ट्रेलियातल्या निसर्गअभ्यासक बाईंनी १९२७ साली लिहून ठेवलं, की एका ऑर्किडवर येणारे गांधीलमाशीच्या जातीतले कीटक सगळे नर असतात आणि ते फुलाला मादी समजून त्याच्याशी संग करायला बघतात. गंध मादीचा, रूपही नराला पटेल इतकं मादीचं. नर रिकाम्या हाताने उडतो आणि जाताना पराग घेऊन जातो. अल्जीरियातल्या एका फ्रेंच न्यायाधीशाने दुसऱ्या गटातल्या ऑर्किडबद्दल हेच आधी पाहिलं होतं. न्यायाधीशाने पाहावं हे बरंच झालं. फसवणुकीची केस याहून स्वच्छ मिळणं कठीण.

मग टुवॉककडे पुन्हा पाहावंसं वाटतं. वल्कनांची ख्याती काय, तर खोटं बोलत नाहीत, वासनेला थारा देत नाहीत. भावना त्यांना नसतात असं नाही. असतात, आणि इतक्या उग्र असतात की त्यांना आयुष्यभर दाबून धरावं लागतं. असा माणूस निवडतो काय? ज्याचा सगळा कारभार वासना आणि लबाडीवर चालतो ते फूल. रोज त्याला पाणी, उजेड, वारा मोजून देतो. लेखकांनी हे जाणून केलं असेल तर त्यांना दंडवत. नसेल केलं तर फुलाने स्वतःची भूमिका स्वतःच मिळवली म्हणायची, आणि त्याचा लौकिक पाहता हेच जास्त संभवतं.

पण मला याहूनही जवळचं वाटतं ते डार्विनचं एक काम. १८६२ साली त्याच्याकडे मादागास्करचं पांढरं ऑर्किड आलं, अँग्रेकम. त्याच्या फुलामागे जवळजवळ तीस सेंटिमीटर लांबीची नळी, आणि मध तळाशी. डार्विनने भाकीत केलं, की एवढ्याच लांब सोंडेचा पतंग तिकडे असला पाहिजे. लोक हसले. त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, १९०३ मध्ये, तशा पतंगाचं वर्णन प्रसिद्ध झालं. ही गोष्ट सगळे सांगतात. त्यातला कमी सांगितला जाणारा भाग असा, की भाकीत करण्याआधी डार्विनने त्या फुलाशी बसून खटपट केली. सुई घालून बघितली, केस घालून बघितला, पराग काही निघेना. शेवटी एक बारीक दांडी नळीत सरकवली आणि परत ओढली, तेव्हा पराग तिला चिकटून आला. एक गृहस्थ इंग्लंडमधल्या खोलीत बसून, कधीही न पाहिलेल्या पतंगाची नक्कल करतो आहे.

ऑर्किड वाढवणं म्हणजे बव्हंशी हेच. रोप त्याच्या गावातून उचलून आणलं की त्याचे सगळे सोयरे मागे राहतात. बुरशी, कीटक, फांदी, धुकं. माळ्याला एकेकाची जागा भरून काढावी लागते. व्हॅनिलाचा वेल मेक्सिकोतून हिंदी महासागरातल्या बेटांवर नेला तेव्हा तो वाढला, फुलला, पण शेंग धरेना, कारण फुलाची गाठ घालून देणारा कीटक तिथे नव्हता. १८४१ साली रियुनियन बेटावर एदमाँ आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबायची युक्ती काढली. जगात आजही व्हॅनिला हातानेच फळवतात, त्याच रीतीने. त्या धंद्यात पुढे अनेकांनी पैसा केला, आल्बियुस १८८० मध्ये गरिबीतच गेला. ज्याला त्या बेटावर स्वतःचं म्हणून काहीही नव्हतं, त्याने दुसऱ्या खंडातल्या माशीचं काम उचललं. विज्ञानकथांतल्या सगळ्या माळ्यांपेक्षा मला हा मुलगा मोठा वाटतो, आणि तो कल्पित नाही.

परग्रहवासीयाच्या हातात ऑर्किड शोभतं ते यामुळे, असं मी आता मानतो. दोघांचेही सोयरे दूर राहिलेले आहेत. चीनमध्ये सुंग घराणं मंगोलांनी बुडवल्यावर झेंग सिशियाओ या चित्रकाराने ऑर्किड काढलं, पण त्याच्या भोवती माती काढली नाही. जमीन परक्यांनी नेली, ती कुठून दाखवू, असा त्याचा अर्थ लावतात. ते चित्र १३०६ सालचं, अजून टिकून आहे. जंगलातल्या बहुसंख्य ऑर्किडांना तर माती लागतच नाही. फांदीला धरून, हवेतला ओलावा पिऊन ती जगतात. माती नसलेल्या यानात, घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षांवर, टुवॉकने दुसरं काय लावावं?

व्हॉयेजरच्या लेखकांनी १९९६ साली हा धागा एकदा टोकाला नेला. टुवॉक आणि यानाचा बडबड्या स्वयंपाकी नीलिक्स एका ग्रहावर वनस्पतींचे नमुने गोळा करायला जातात. परतताना, माणसांना क्षणात ग्रहावरून यानात पोचवणाऱ्या वाहतूक यंत्रात त्या दोघांसोबत एक ऑर्किड असतं, आणि त्याच्या गुणधर्मामुळे तिघे मिसळून एकच नवा माणूस बाहेर येतो, टुविक्स. तो हसरा आहे, कामसू आहे, सगळ्यांचा लाडका होतो. मग दोघांना परत वेगळं करायचा उपाय सापडतो. टुविक्स म्हणतो, मला मरायचं नाही. डॉक्टर हात लावायला नकार देतो आणि कॅप्टन जेनवे स्वतः ते काम उरकते. चाहत्यांचं यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही. मी या वादात टुविक्सच्या बाजूने आहे, पण माझी तक्रार वेगळी आहे. वेल्सच्या काचघरात जे घडलं तेच इथे सभ्यपणे घडलं : गोळा करायला गेलेल्याच्या अंगात गोळा झालेलं फूल शिरलं. एवढी मोठी गोष्ट हाताशी असताना चर्चा झाली ती टुवॉक, नीलिक्स आणि टुविक्स यांच्या हक्कांची. तिसऱ्या भागीदाराला, ज्याच्यामुळे हे सगळं झालं त्याला, कुणी काही विचारलं नाही. ऑर्किडचं पुढे काय झालं, याची फिकीर नाही.

खरं तर हे फूल आता पहिल्यासारखं दुर्मीळ राहिलेलं नाही. १९६० साली जॉर्ज मोरेलने सिंबिडियम ऑर्किडच्या कोंबाच्या टोकापासून रोपं तयार करायची वाट दाखवली, आणि ऊतिसंवर्धनाने पुढे एकसारखी लाखो रोपं काढायला सुरुवात झाली. पांढरं फॅलेनॉप्सिस आज सुपरमार्केटमध्ये, दवाखान्याच्या स्वागतकक्षात, बँकेच्या टेबलावर असतं. परक्या संस्कृतीची खूण म्हणून ते दाखवायचं, तर परग्रहवासी एखाद्या कार्यालयात बसल्यासारखाच दिसेल. लेखकांनी आता जाती बदलायला हव्यात.

मी सुचवेन रायझँथेला. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९२८ साली एका शेतकऱ्याला जमिनीच्या भेगेतून गोड वास आला म्हणून हे ऑर्किड सापडलं. त्याचं सगळं आयुष्य जमिनीखाली जातं, फुलतंही मातीआड. हरितद्रव्य नाही, एका झुडपाच्या मुळांना धरून राहणाऱ्या बुरशीमार्फत त्याला झुडपाची साखर मिळते. म्हणजे ते न्यायचं तर झुडूप न्या, बुरशी न्या, परागासाठी किडेही न्या. टुवॉकसारख्याला हे जमलं असतं. कॅप्टन त्याच्या खोलीत आली असती, झुडपाकडे बघून यात विशेष काय असं म्हणाली असती, आणि त्याने भुवई उचलून सांगितलं असतं, की ऑर्किड खाली आहे, बहरात आहे, पण दाखवता येणार नाही. तिला त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागला असता.